दोन नावांचा तांबेरा

पुडीताईंचं खरं नाव संस्थेच्या हजेरीपटावर होतं आणि वर्षानुवर्षं तिथेच पडून होतं. ते तोंडावर कुणाच्याच यायचं नाही. संचालक त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचे आणि बाकी सगळे पुडीताई, कारण पुड्या बांधणं हेच त्यांचं काम होतं. वाळलेली पानं, फांद्यांचे तुकडे, सालीचे कपचे, जिच्यावर म्हणून बुरशी वाढते ती प्रत्येक चीज जाड कागदाच्या पुडीत घालायची, पुडीवर चिठ्ठी डकवायची, चिठ्ठीवर बुरशीचं नाव, कुठल्या झाडावर सापडली, कुणी गोळा केली, कधी, हे सगळं बारीक अक्षरात लिहायचं आणि पुडी लोखंडी कपाटातल्या तिच्या खणात ठेवायची. अशी बासष्ट कपाटं होती. खोलीला डांबरगोळ्यांचा वास होता आणि तो ताईंच्या साड्यांना, पर्सला, घरी नेलेल्या वर्तमानपत्रालासुद्धा चिकटलेला असायचा.

"नाव पुडीताई, पण बाईंनी आजवर एक पुडी सोडलेली नाही," असा विनोद डब्याच्या सुट्टीत नेहमी व्हायचा. ते खरंच होतं. कुणाची कुजबुज इकडची तिकडे करणं ताईंच्या स्वभावात नव्हतं. एखादी गोष्ट पोटात गेली की ती तिथेच राहायची. लोकांना हा गुण वाटायचा. ताईंनाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

पुड्या बांधण्याखेरीज त्यांचं आणखी एक काम होतं. कुणा संशोधकाला एखाद्या पुडीतली बुरशी पाहायची असली की ताई स्लाइड बनवून द्यायच्या. सुईच्या टोकावर पानावरची चिमूटभर पूड घ्यायची, काचेवर लॅक्टिक अॅसिडच्या थेंबात सोडायची, वरून पातळ काच ठेवायची आणि स्पिरिटच्या दिव्यावर बुडबुडे येईपर्यंत शेकायची. हे शेकणं महत्त्वाचं. पुडीत वर्षानुवर्षं पडून बीजाणू सुकतात, मनुकांसारखे आक्रसतात. अॅसिडात शेकले की ते पुन्हा फुगतात आणि मूळ आकाराचे होतात. मग त्यांची मापं घ्यायची. ताईंचा हात या कामात इतका बसलेला होता की त्या बोलता बोलता स्लाइड करायच्या.

एका दुपारी दिव्यातलं स्पिरिट संपलं होतं.

त्या वेळी ताई अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या आणि तेरा वर्षं नोकरी करूनही हंगामीच होत्या. संचालकांनी गारवेलीवरच्या तांबेऱ्याची एक पुडी काढायला सांगितली होती, आठ हजार एकशे चौदा नंबरची. गारवेल म्हणजे कुंपणावर, ओसाड भिंतीवर, विजेच्या खांबावर चढणारी ती निळ्याजांभळ्या फुलांची वेल. तिच्या पानांखाली कधी कधी नारिंगी पूड धरते, लोखंडावर गंज चढावा तशी. म्हणून तांबेरा. हा तांबेरा मोठा लबाड. त्याचं अर्धं आयुष्य गारवेलीवर जातं आणि अर्धं पाइनच्या झाडावर. पाइनच्या सुईसारख्या पानांवर तो पूड धरत नाही, तिथे त्याचे पांढुरके फोड येतात. पाइन जवळ नसले तर तो वेलीवेलींवरच वर्षानुवर्षं दिवस काढतो. पुस्तकांत या दोन्ही रूपांना मिळून एकच नाव होतं. आपल्याकडच्या वेलींवरचा तांबेरा तोच की वेगळा, एवढंच संचालकांना पाहायचं होतं.

"बाई, साडेचारला माझी बैठक आहे. त्याच्या आत तिची स्लाइड हवी," ते दारातूनच म्हणाले.

स्पिरिटची बाटली भांडारात, भांडाराची किल्ली भांडारपालाकडे आणि भांडारपाल रजेवर. ताईंनी अॅसिडाऐवजी साध्या पाण्याचा थेंब घेतला, न शेकताच वरची काच ठेवली आणि स्लाइड नेऊन दिली. स्लाइडच्या कडेला नियमाप्रमाणे सही केली. उद्या नीट करून देऊ, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

उद्या उजाडला तेव्हा संचालक पोरासारखे खूश होते. पन्नास बीजाणू त्यांनी मोजले होते. पुस्तकातल्या मापांपेक्षा सगळे लहान, आणि त्यांच्या अंगावरच्या बारीक पुटकुळ्या जास्त दाट. "नवीन जात आहे, बाई! आपल्याकडची, स्वतंत्र!" त्यांनी भिंतीला टेकून डोळे पुसले. आपल्या दिवंगत गुरूंचं नाव ते त्या बुरशीला देणार होते. खोलीत चहा आला, टाळ्या झाल्या. अशा वेळी 'साहेब, दिव्यात स्पिरिट नव्हतं' हे वाक्य ताईंच्या घशाशी आलं आणि तिथूनच परत गेलं.

शोधनिबंध छापून आला. त्यात शेवटी ताईंचे आभार होते. संचालकांनी वरच्या कार्यालयात शब्द टाकला आणि त्याच वर्षी ताई कायम झाल्या.

तीन महिन्यांनी एका रिकाम्या सकाळी ताईंनी त्याच पुडीतली पूड घेऊन दुसरी स्लाइड केली. या वेळी अॅसिडात, नीट शेकून. मायक्रोस्कोपला डोळा लावला. बीजाणू फुगले होते. पुटकुळ्या विरळ दिसत होत्या. मापं पुस्तकातल्या मापांशी तंतोतंत जुळत होती. नवीन जात वगैरे काही नव्हती. तो जुनाच तांबेरा होता, पाइनवर जाणारा.

त्यांनी ती स्लाइड कागदात गुंडाळली, तारीख लिहिली आणि टेबलाच्या सर्वांत खालच्या खणात मागे सारली. कुणाचं काय बिघडतंय, असं त्यांनी स्वतःला समजावलं. बुरशी आहे तिथेच आहे. नाव एक काय नि दोन काय. पाइन तर इथे औषधालासुद्धा नाही.

नंतरची वर्षं बरी गेली. मुलगी लग्न होऊन दूर गेली. नवरा निवृत्त झाला. तो आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम करत होता आणि निवृत्तीनंतरही घरात येणाऱ्या प्रत्येक कागदावर लाल पेन चालवत होता. औषधाच्या बाटलीवरच्या चुकासुद्धा तो सोडत नसे. ताईंचा धाकटा भाऊ शहराबाहेर नर्सरी चालवत होता. आई गेल्यावर ताईंनीच त्याला वाढवलं होतं, त्यामुळे तो पन्नाशीला आला तरी ताईंच्या लेखी धाकटाच राहिला होता.

मग शहरामागच्या बोडक्या टेकडीवरून एका पावसाळ्यात चिखल खाली आला. दोन घरं गाडली गेली. माणसं बाजारात होती म्हणून वाचली. टेकडीवर झाडं लावायची असं ठरलं, आणि झटपट वाढणारी, उतार धरून ठेवणारी म्हणून पाइन निवडले गेले. रोपं तयार करायचं काम धाकट्याला मिळालं. चाळीस हजार रोपं. त्याने शेजारची जमीन घेतली, काळ्या पिशव्यांच्या रांगा लावल्या, दोन वर्षं रोपं वाढवायला घेतली. आणि त्याच्या बायकोने, म्हणजे ताईंच्या भावजयीने, हौसेने कुंपणाच्या जाळीवर गारवेल सोडली. सावली होते, वारा अडतो आणि सकाळी सकाळी सगळं कुंपण निळं दिसतं, असं तिचं म्हणणं.

ताईंना हे ठाऊक होतं. दर वेळी नर्सरीत गेल्यावर त्या आधी पानं उलटी करून बघायच्या. पहिल्या वर्षी पानं स्वच्छ होती. दुसऱ्या वर्षी पावसाळा सरता सरता रोपवाटिका तपासणारा अधिकारी आला आणि त्याला एका पानाखाली नारिंगी पूड दिसली. त्याने संस्थेला लिहून विचारलं, याने पाइनला धोका आहे का. संचालकांनी उत्तर दिलं की सदर तांबेरा स्थानिक आणि स्वतंत्र जातीचा असून तो पाइनवर जात असल्याचा कोणताही पुरावा नाही. खाली शोधनिबंधाचा उल्लेख आणि पुडीचा नंबर, आठ हजार एकशे चौदा. पत्राच्या टाचणवहीत नोंद ताईंनीच केली. लिहिताना त्यांच्या हाताला घाम सुटला आणि नंबर पुसट झाला. त्यांनी तो पुन्हा गिरवला.

त्या रविवारी त्या नर्सरीत गेल्या. धाकट्याने पत्राला प्लास्टिकचं आवरण घालून ते कचेरीच्या खोलीत खिळ्याला लावलं होतं.

"बघ ताई, तुमच्या संस्थेचं पत्र! साहेब स्वतः म्हणतायत, धोका नाही. तो तपासणीवाला नुसता डोकं खात होता."

ताई कुंपणापाशी गेल्या. आता एक-दोन पानं राहिली नव्हती. त्या एकेक पान उलटत गेल्या आणि प्रत्येक पान खालून नारिंगी निघत गेलं. बोटांना पूड लागली, साडीच्या काठाला लागली. मग कुंपणाच्या मधोमध त्यांना वेगळं काहीतरी दिसलं. नारिंगी पूड असते त्या जागी लालसर, मेणासारखा चिकट थर. त्यांनी पर्समधून भिंग काढलं. हा थर कशाचा, हे त्यांना पक्कं माहीत होतं. नारिंगी पूड वेलीवरून वेलीवर जाते. या लाल थरातून जे उडतं ते वेलीवर परत येत नाही. ते पाइन शोधतं.

कुंपणापासून चार पावलांवर पाइनची पहिली रांग होती. हिरवीगार, वीतभर, एकसारखी. वारा कुंपणाकडून रोपांकडे होता.

"धाकट्या," त्या म्हणाल्या, "ही वेल काढून टाक. आजच. मुळासकट काढ आणि जाळ."

"का?"

"काढ म्हणते ना."

"अगं पण का? बायकोने जीव लावून वाढवलीय. आणि पत्र आहे की!" तो हसला. "तू पण ना ताई, आयुष्यभर बुरश्या बघून बघून तुला सगळीकडे रोगच दिसतो."

तेव्हा बोलायला हवं होतं. ताईंनी तोंड उघडलंसुद्धा. पण भावजय चहा घेऊन आली, आणि वेल काढायचं ऐकून तिचं तोंड एवढंसं झालं. ताई म्हणाल्या, "बघा बाई, मला वाटलं ते सांगितलं," आणि चहा प्यायल्या. निघताना त्यांनी लाल थराची चार पानं रुमालात घेतली आणि भावाकडून एक पाइनचं रोप मागून घेतलं. घरात हिरवं काहीतरी हवं म्हणून, असं सांगितलं.

घरी गॅलरीत त्यांनी रोप ठेवलं, त्यावर काठीला बांधून ती पानं टांगली, पाणी फवारलं आणि वरून पारदर्शक प्लास्टिकची पिशवी घालून तीन दिवस बांधून ठेवली. नवऱ्याने चष्म्यावरून पाहिलं.

"हे काय चाललंय? झाडाला फाशी?"

ताई खुर्चीत बसल्या आणि त्यांनी नऊ वर्षांपूर्वीची ती दुपार त्याला सांगितली. पहिल्यांदाच. दिव्यातलं स्पिरिट, पाण्याचा थेंब, खालच्या खणातली स्लाइड, टाचणवहीतला नंबर. हातातलं लाल पेन नवऱ्याने टोपण लावून खिशात ठेवलं.

"चूक ती नव्हे गं," शेवटी तो म्हणाला. "चुका होतात. आमच्याकडे रोज व्हायच्या. पण चूक कळली की आम्ही पुस्तकात शुद्धिपत्र घालायचो. तू छापलंच नाहीस."

"आता छापते. आधी या रोपाचं काय होतंय ते बघू दे. नुसतं माझ्या म्हणण्यावर कोण विश्वास ठेवेल?"

"आणि तोवर?"

खरं सांगायचं तर रोपाला काही होऊ नये, आपलंच ज्ञान खोटं पडावं, अशी आशा त्यांना होती. त्या आशेपायी त्यांनी पुढचे तीन महिने दवडले. त्याच तीन महिन्यांत नर्सरीतून ट्रक भरभरून रोपं टेकडीवर गेली. धाकट्याने फोनवर सांगितलं, निम्मी लागली ताई, काय दिसतेय टेकडी! ताई 'छान, छान' म्हणाल्या आणि फोन ठेवल्यावर गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या.

रोप हिरवंच होतं. थंडी सुरू झाली. रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी ताई भिंग घेऊन एकेक सुई तपासायच्या. नवरा चहा गार होतोय म्हणून हाका मारायचा. रात्री झोप यायची ती यायची, पण पहाटे दचकून डोळे उघडायचे आणि मग उजाडण्याची वाट. थंडीच्या मध्यावर एका सुईवर टाचणीच्या डोक्याएवढा पिवळा ठिपका दिसला. ताईंनी तो बोटाने पुसून पाहिला. पुसला गेला नाही. आठ दिवसांत ठिपके अकरा झाले, मग त्यांनी मोजणं थांबवलं. ठिपके कशानेही पडतात, फोड आले तरच सिद्ध होईल, असं स्वतःला सांगत त्या थांबल्या.

ऊन तापायला लागलं तशा ठिपक्यांच्या जागी पुटकुळ्या उठल्या, पांढुरक्या, कागदासारख्या पातळ सालीच्या. एका सकाळी त्या फुटल्या. गॅलरीचा कठडा, वाळत घातलेला टॉवेल, नवऱ्याची चप्पल, सगळ्यावर बारीक नारिंगी धूळ बसली होती. नवरा केरसुणी आणायला वळला.

"झाडू नकोस," ताई एवढ्या जोरात ओरडल्या की तो जागच्या जागी थांबला. "ओल्या फडक्याने पूस. उडता कामा नये."

त्याच दिवशी त्या संचालकांच्या खोलीत गेल्या. हातात दोन स्लाइड होत्या आणि बंद डब्यात पाइनची फांदी. संचालकांना निवृत्तीला आठ महिने राहिले होते. त्यांच्या मागच्या भिंतीवर शोधनिबंधाचं पहिलं पान चौकटीत लावलेलं होतं.

ताईंनी सगळं सांगितलं, कुठेही न लपवता. संचालकांनी आधी एक स्लाइड पाहिली, मग दुसरी. मग पुन्हा पहिली.

"ही दुसरी कधी केलीत?"

"पहिलीनंतर तीन महिन्यांनी."

"म्हणजे नऊ वर्षं तुम्हाला माहीत होतं."

"हो, साहेब."

"मी तुमच्या स्लाइडवर विसंबून लिहिलं, बाई. त्यावर सही तुमची आहे."

"हो, साहेब. मीच केली ती."

संचालक खिडकीपाशी गेले. तिथून टेकडी दिसायची. तिच्यावर हिरव्या ठिपक्यांच्या ओळी होत्या, शिंप्याने टाके घालावेत तशा.

"माझ्या गुरूंचं नाव आहे त्या बुरशीला," ते पाठमोरेच म्हणाले. "त्यांच्या पत्नींना मी स्वतः जाऊन सांगितलं होतं. अजून आहेत त्या. पंच्याऐंशीच्या." मग वळून एकदम वेगळ्या आवाजात म्हणाले, "ही पुडी आत्ता सोडू नका. आठ महिने थांबा. मी गेल्यावर काय ते करा."

"साहेब, आठ महिन्यांत पावसाळा येऊन जाईल."

"मी म्हटलं, थांबा."

ताई डबा उचलून बाहेर आल्या. त्यांना साहेबांचा राग आला नाही. साहेब आठ महिने मागत होते, त्यांनी स्वतः नऊ वर्षं घेतली होती. कुठल्या तोंडाने बोलणार?

कपाटांच्या खोलीत येऊन त्यांनी आठ हजार एकशे चौदा नंबरची पुडी काढली. ती लाल काठाच्या कागदात होती, कारण जिच्यावरून जातीला नाव मिळतं त्या मूळ नमुन्याला लाल काठ असतो. संग्रहाचा एक जुना नियम होता. कुणालाही एखाद्या पुडीवरचं नाव चुकीचं वाटलं तर त्याने आपली चिठ्ठी लिहून पुडीत ठेवायची. जुनी चिठ्ठी कुणी काढायची नाही, फाडायची नाही. हा हक्क कुणाचा, संचालकाचा की पुडी बांधणारीचा, असं नियमात कुठेच लिहिलेलं नव्हतं. बावीस वर्षांत तो ताईंनी एकदाही वापरला नव्हता. त्यांनी खुर्ची ओढली आणि लिहिलं: ही स्वतंत्र जात नाही. पाइनवर जाणारा जुनाच तांबेरा आहे. बीजाणू न शेकता पाण्यात पाहिल्यामुळे मापं लहान आली. स्लाइड मी केली होती. गारवेलीवरून पाइनवर रोग गेल्याचं मी स्वतः पाहिलं आहे, फांदी सोबत. खाली पूर्ण नाव, सही, तारीख. याच मजकुराचं पत्र त्यांनी रोपवाटिका तपासणाऱ्या त्या अधिकाऱ्याला पाठवलं. पोस्टात टाकायला दुसऱ्या कुणाला न देता त्या स्वतः गेल्या. मग बस पकडून नर्सरीत.

सांगायची गरज उरली नव्हती. राहिलेल्या वीस हजार रोपांच्या रांगा कुंपणापासून आतपर्यंत पिवळ्या पडत गेल्या होत्या. भावजय रांगेत उकिडवी बसून हाताने खराब सुया खुडत होती आणि तिचे हात मनगटापर्यंत नारिंगी झाले होते.

"धुळीचं काहीतरी असेल ना, ताई?" तिने विचारलं. "पाणी मारलं की जाईल ना?"

ताई तिच्या शेजारी मातीत बसल्या. धाकटा आला तेव्हा त्यांनी दोघांना सांगितलं. या खेपेला चहा आला नाही. मधे तोडणारं कुणी नव्हतं. धाकटा ऐकत राहिला आणि त्याचा चेहरा हळूहळू, लहानपणी तो तापात असताना ताईंनी पाहिला होता, तसा झाला.

"पावसाळ्यानंतर तू आलीस," तो म्हणाला. "वेल काढ म्हणालीस. का काढ, ते नाही म्हणालीस."

"नाही म्हणाले."

"तेव्हा एकही रोप वर गेलं नव्हतं, ताई. एकही. मी हसत होतो आणि तू चहा पीत होतीस."

ताईंनी मान खाली घातली.

"जा तू," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "आत्ता जा."

चौथ्या दिवशी अधिकारी आला, माणसं घेऊन आला. कुंपणाची वेल उपटून जागेवर जाळली. नर्सरीतली रोपं खड्ड्यात घालून जाळली, ते तीन दिवस चाललं. धुराला डांबराचा वास होता आणि तो शहरातल्या घराघरांत शिरला. टेकडीवर गेलेल्या रोपांतली निम्म्याहून अधिक उन्हाळ्यात सुया गाळून बसली. पावसाळ्यात टेकडीच्या पूर्वेचा उतार पुन्हा घसरला. त्या बाजूची घरं अधिकाऱ्याने आधीच रिकामी करून घेतली होती. ताईंच्या पत्राच्या जोरावर त्याने तो हुकूम काढला होता, असं नंतर कळलं. एक म्हैस आणि दोन भिंती गेल्या. माणूस गेला नाही.

संस्थेत चौकशी बसली. ताईंनी जे पुडीत लिहिलं होतं तेच तिथे सांगितलं. शिक्षा म्हणून त्यांची वेतनवाढ थांबली आणि स्लाइड करायचं काम काढून घेतलं गेलं. पुड्या बांधायचं काम मात्र राहिलं, कारण ते दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. डब्याच्या सुट्टीतला तो जुना विनोद पुन्हा कुणी केला नाही. संचालक ठरल्या दिवशी निवृत्त झाले. जाण्याआधी एका दुपारी ते कपाटांच्या खोलीत आले आणि लाल काठाची ती पुडी मागून घेतली. ताईंना वाटलं, चिठ्ठी फाडतील. त्यांनी ती दोनदा वाचली, खिशातून पेन काढलं आणि खाली आपली सही केली. 'सहमत' एवढाच शब्द लिहिला. ताईंकडे न बघता ते निघून गेले. पुढच्या वर्षी दुसऱ्या संस्थेतल्या एका संशोधक बाईंनी ती पुडी मागवली, सगळं पुन्हा तपासलं आणि नवीन जातीचं नाव रद्द करून जुन्या नावात मिळवलं. त्यांच्या लेखाची प्रत आली तेव्हा नवऱ्याने ती आधी वाचली. त्यात त्याला छपाईच्या दोनच चुका सापडल्या.

धाकट्याने नर्सरी बंद केली. तो आता एका बांधकामावर देखरेखीचं काम करत होता. वर्षभर त्याचा फोन नाही, येणं नाही. भावजय अधूनमधून फोन करायची, पण तो घरात नसताना, आणि बोलायची इकडचं तिकडचं.

ताई निवृत्त झाल्याला दोन महिने झाले होते. एका शनिवारी सकाळी त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि दारावर थाप पडली. दारात धाकटा होता. बराच वाळला होता. चप्पल न काढता आत आला, ताईंच्या समोर खुर्चीवर बसला आणि तांदळाच्या ताटाशेजारी एक प्लास्टिकची पिशवी ठेवली. पिशवीच्या तोंडाला घट्ट गाठ मारलेली होती.

"धरणावरून आलोय," तो म्हणाला. "तिकडे काम चालू आहे आमचं."

धरण शहरापासून तीस किलोमीटरवर होतं. त्याच्या वरच्या अंगाला पाइनचं जुनं जंगल होतं, दोन माणसांच्या कवेत मावणार नाहीत अशी झाडं. शहराला पाणी तिथून यायचं.

"हे बघ आणि काय ते सांग."

ताईंनी चष्मा लावला, वर भिंग धरलं. पिशवी उघडायची गरजच पडली नाही. आत पाइनचा डहाळा होता, आणि पिशवी आतल्या बाजूने नारिंगी झाली होती.

"तोच," त्या म्हणाल्या.

"नक्की?"

"स्लाइड केल्याशिवाय लिहून देता येणार नाही. पण तोच आहे, धाकट्या. खाली गारवेल आहे?"

"कालव्याच्या दोन्ही बाजूंनी. नजर पोचेल तिथवर." त्याने तोंडावरून हात फिरवला. "आधी एक झाड दिसलं. मग मी आत गेलो. बराच आत गेलो, ताई."

नवरा आतल्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला होता. ताईंनी ताट बाजूला सारलं आणि अधिकाऱ्याच्या कचेरीला फोन लावला. घंटी वाजत राहिली. शनिवार होता, कचेरी सोमवारी उघडणार होती.

"त्याचं घर मला माहीत आहे," धाकटा म्हणाला. "रोपं जाळायला यायचा तेव्हा एकदा सोडलं होतं त्याला. स्कूटर खाली आहे."

ताईंनी पायात चपला सरकवल्या. जिन्यावरून उतरताना धाकट्याने पिशवी अंगापासून लांब, हात ताणून धरली होती. बाहेर वारा सुटला होता आणि रस्त्यापलीकडच्या भिंतीवरची वेल एका बाजूला झुकत होती. ताई मागे बसल्या, त्यांनी पिशवी त्याच्या हातातून घेतली आणि गाठ एकदा ओढून बघितली.